राजीनाम्याची तालीम

मुलगी – असं नाही बाबा. आमचे साहेब इतक्या लगेच चिडत नाहीत. आधी चहा मागवतात.

वडील – म्हणजे मुरलेला गडी आहे. माझी सगळी नोकरी कर्मचारी विभागात गेली, चहा मागवणारा साहेब मला तोंडपाठ आहे. चल, पुन्हा पहिल्यापासून. उद्या त्याच्यासमोर ततपप झालं तर एवढी पाठांतरं फुकट. मी साहेब. तू दारातून आत ये.

मुलगी – स्वयंपाकघराच्या?

वडील – कुठल्याही. पण ताठ ये.

(वडील जेवलेली ताटं बाजूला सारून खुर्चीत ऐसपैस रेलतात. साहेब होणं त्यांना फारच आवडलेलं आहे.)

मुलगी – साहेब, मी राजीनामा द्यायला आलेय.

वडील – बसा मॅडम. चहा घेणार ना? अहो, प्रोबेशनसुद्धा संपलं नाही आणि निघालात?

मुलगी – प्रोबेशनमध्ये आहे, म्हणूनच सात दिवसांची नोटीस पुरते. नेमणुकीच्या पत्रात लिहिलंय तुमच्या.

वडील – पत्रात पुष्कळ काही असतं हो. आमच्याकडे पद्धत महिन्याची. महिना भरा, नाहीतर महिन्याचा पगार भरपाई म्हणून सोडा. रंग जुळवायला आम्ही शिकवलं तुम्हाला, ते काय फुकट?

मुलगी – शिकवलं कुठे? घेतलं रंग जुळवायला आणि बसवलं बिलं फाडायला! तसाच रंग हवा म्हणून गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन दुकानात येतं, तो मला दोन मिनिटं उजेडात धरू देत नाही तुम्ही.

वडील – थांब, थांब. हे गाऱ्हाणं झालं. गाऱ्हाणं ऐकलं की साहेब म्हणतो, सुधारणा करतो, थांबा. की अडकलीस. नुसतं पत्रावर बोट ठेव.

मुलगी – बरं. साहेब, महिन्याची अट कायम झालेल्यांना आहे. मी कायम नाही. भरपाईचा प्रश्नच येत नाही.

वडील – शाब्बास! आता तो गोड होणार बघ. हा माझा हुकमी डाव होता. मॅडम, एवढी घाई कसली?

मुलगी – एक तारखेला हजर झाले नाही तर ती जागा दुसऱ्याला जाईल. रंगांची प्रयोगशाळा आहे साहेब. दिवसभर फक्त छटा बघायच्या. अशी जागा पुन्हा नाही मिळायची.

वडील – मग सोपं आहे. दिवसा तिकडे जा, संध्याकाळी येऊन आमचं उरलंसुरलं उरका. गावातच आहे ना?

मुलगी – नाही.

वडील – मग?

मुलगी – रात्रभराचा प्रवास आहे. तिथेच राहावं लागेल.

वडील – हे आत्ता सुचलं म्हणून सांगतेयस, की खरंच?

मुलगी – खरंच. खोलीसुद्धा ठरलीय. बाबा, मी सांगणारच होते. रोज जेवताना ओठांवर यायचं आणि तू आणखी एक पोळी वाढायचास.

वडील – मॅडम, मी साहेब आहे.

मुलगी – बास ना आता.

वडील – खोली कशी आहे?

मुलगी – लहान आहे. पण खिडकी मोठी आहे.

वडील – आणि घरी कोण असतं तुमच्या?

मुलगी – वडील. आई गेल्यापासून आम्ही दोघंच.

वडील – त्यांचं काय?

मुलगी – त्यांना अजून आमटीत मिठाचा अंदाज येत नाही. फोनवर एवढ्या मोठ्यांदा बोलतात की शेजारीच उत्तर देतील. मला त्यांची फार काळजी वाटते साहेब. ते नको म्हणाले तर मी नाही जाणार.

वडील – हे उद्या चुकूनही बोलायचं नाही. राजीनामा द्यायला गेलेल्या माणसाने असला शब्द काढायचा नसतो. सगळा डाव फिसकटतो.

मुलगी – मग काय बोलू?

वडील – काही नका बोलू. राजीनामा मंजूर. सात दिवस पुरे, भरपाई नाही. निघा तुम्ही.

मुलगी – हे साहेबांचं झालं. बाबा, तू बोल ना काहीतरी.

वडील – साहेबालाच बोलू दे गं. बाबाला नाही जमणार.