समस्येचं ठिकाण

हसू नका, माझी आठवडाभर झोप उडाली होती! आमच्या कॉलेजात शाश्वत विकासाचा नवा पेपर, म्हणजे अख्खा अभ्यासक्रमच, मलाच तयार करायचा होता. व्याख्यानं बंद, मुलांना खरीखुरी समस्या द्यायची आणि उत्तर त्यांनीच शोधायचं. मी विद्यापीठाच्या फॉर्मवर लिहिलं, 'मोहफुलं वेचता यावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून जंगलाला आग लागते. हे कसं थांबवायचं?' खाली 'समस्येचं ठिकाण' असा रकाना होता. तिथं टाकलं, चिचगड, जंगलातलं दूरचं गाव.

पेपर मंजूर करायला विद्यापीठाची कमिटी आली. अध्यक्षांनी फॉर्म घेतला, चष्मा लावला आणि एकदम खोकायलाच लागले. मग बाकीचे दोघंही. मला वाटलं, गेला आपला पेपर! बघते तर खिडकीतून धूर आत येऊन राहिला होता.

मी धावतच मागे गेले. आमचे शिपाई मडावीभाऊ पेटलेल्या पाल्याजवळ काठी घेऊन शांत उभे.

"अहो भाऊ, आजच काऊन जाळून राहिले?"

"तुमीच तं म्हणल्या, कमिटी येऊन राहिली, पटांगण साफ पायजे. अन् आजच काऊन म्हणता? दर शनवारी तं जाळतो, मॅडम. तुमच्याच खिडकीखाली."

तशीच परत आले. अध्यक्ष खिडकीतून खालचा पेटलेला पाला बघत डोळे पुसत होते.

"मॅडम, समस्या मंजूर," ते म्हणाले. "फक्त ठिकाण चुकलंय."

आणि चिचगड खोडून त्यांनी आमच्या कॉलेजचं नाव लिहिलं.