लवकरच उपलब्ध होईल

हॅलो? … हां, बोल ताई. … नाही, जागी आहे आई. उशीला टेकवून बसवलंय. दोघी मिळून लॅपटॉपकडे बघत बसलोय. … सिनेमा कुठला गं! वर्तुळ. … वर्तुळ, ते गोल गोल फिरतं ना पडद्याच्या कोपऱ्यात, ते. खाली लिहिलंय, 'अपडेट लवकरच उपलब्ध होईल.'

हो, अजून तेच. … अगं, फर्मवेअर. … फर्म-वेअर! लॅपटॉप चालू केला की आत सगळ्यांत आधी जे जागं होतं, ते. त्यात म्हणे भोक सापडलंय. त्यातून चोर शिरेल, म्हणून ठिगळ लावायचंय, आणि ते ठिगळ काही केल्या येत नाही. … कधीपासून काय विचारतेस, महिना होत आला! आधी शुक्रवारी येणार होतं, मग सोमवारी, मग म्हणे 'तपासणी सुरू आहे'. एव्हाना तो चोरसुद्धा कंटाळून घरी गेला असेल.

हसू नकोस. … हसू नकोस म्हणते ना! मला शिसारी आलीये. 'लवकरच' हा शब्दच नको झालाय आता. चार्जर काढायचा नाही, झाकण मिटायचं नाही, हलवायचा नाही. आईच्या औषधांच्या टेबलावर ते धूड महिनाभर उताणं पडलंय आणि औषधं खिडकीत गेलीयेत. पंख्यातून गरम हवा सोडतं आईच्या तोंडावर. पुसायला गेले तर बोटाला चिकट काळं लागलं. शी!

अगं ऐक ना, खरी गोष्ट पुढंच आहे. आज सकाळी मेल आलाय. सोमवारपासून ज्यांच्या लॅपटॉपला हे ठिगळ लागलेलं नाही, त्यांचं घरून काम बंद. ऑफिसात हजर व्हायचं. … हो, मीसुद्धा. 'कोणालाही सवलत मिळणार नाही', ठळक अक्षरांत. आणि खाली सही कुणाची? … ओळख ना. … तुझ्या नवऱ्याची!

नाही, मी चिडत नाहीये. … बरं, चिडलेय. ऑफिसच्या लॅपटॉपांचं खातं त्यांच्याकडे, ठिगळ तेच देणार, ते तेच देत नाहीत, आणि ते नाही म्हणून मला तेच बोलावणार! हा कुठला न्याय? … ऑफिस इथून चार तासांवर आहे ताई. पहाटे निघाले तर परत यायला रात्र. तोवर आईजवळ कोण? या घरात आम्ही दोघीच आहोत, भिंती पाणी पाजणार का तिला?

बाई ठेव म्हणतेस? … ठेवली होती की! विसरलीस? कानाला मोबाइल लावून चमच्यामागून चमचा कोंबत होती. आईला ठसका लागला, डोळे पांढरे केले तिनं. मी पलीकडच्या खोलीत होते म्हणून धावले. चार तासांवर असते तर? … अर्धांगाचा झटका आल्यापासून आईला गिळताना त्रास होतो, हे तुला फोनवर दिसत नाही. एक चमचा द्यायचा, घशाकडे बघायचं, खाली गेला की दुसरा. सबंध दिवस तेच. मधल्या वेळात मी लोकांचे विम्याचे दावे तपासते.

नोकरी त्यांच्यामुळे लागली, हे मला माहीत आहे. … माहीत आहे गं! दर भांडणाला ते काढायलाच हवं का? … दे त्यांना फोन. … आंघोळीला? दुपारी तीन वाजता? … तरीच मघापासून पाण्याचा आवाज येतोय. कोण एवढं धबाधबा आंघोळ करतं? आणि ती शिट्टी कुणी मारली? … ताई, तू कुठं आहेस? … घरी नाहीस. आवाज घुमतोय की तुझा.

हॉटेल?

बरं. म्हणजे भावजी तरणतलावात डुंबतायत. छान. लोकांचे लॅपटॉप वाळत घातलेत आणि स्वतः… नाही, जाऊ दे. सुटी घ्यावी माणसानं. पण निदान ते एक बटण दाबून तरी जायचं होतं! लॅपटॉप घेऊन गेलेत ना? मग तिथून दाबा म्हणावं. … काय? … 'त्यांचाही' म्हणजे? त्यांचाही काय?

पुन्हा सांग.

त्यांचाही बंद. … कधीपासून? … मंगळवारपासून? आज शनिवार आहे ताई!

थांब. थांब, मला नीट कळू दे. ठिगळ सोडायचं बटण ऑफिसच्या नेटवर्कवर. तिथं जायचं ते भावजींच्याच लॅपटॉपवरून. दुसऱ्या कुणाला अधिकार नाही, कारण यांनी कुणाला दिलाच नाही, सगळं स्वतःच्या हातात हवं. बरोबर? आणि यांनी नियम काढला की बिनठिगळाच्या लॅपटॉपला नेटवर्कवर घ्यायचं नाही. आम्हाला येत्या सोमवारपासून, पण साहेब लोकांना गेल्या मंगळवारपासूनच, म्हणजे आदर्श दिसेल. … आणि स्वतःच्या लॅपटॉपला आधी लावून घ्यायचं राहिलं?

म्हणजे किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं!

नाही, मी हसत नाहीये. मला हसू कुठून येणार. … हो, होते चूक. माणूस आहे. माझीही होते. पण चूक झाली तर कुणाला तरी सांगतात ना? … सांगितलं नाही? … कुणालाच नाही? … त्यातून वाटच नाहीये का? … त्यांच्या वरच्या मोठ्या मॅडम उघडून देऊ शकतात? त्यांच्याकडे दुसरी किल्ली आहे? मग! मग अडलंय कुठं? ऑफिसात जायचं, मॅडमना म्हणायचं, माझ्या हातून असं असं झालं, उघडून द्या. पाच मिनिटांचं काम!

लाज वाटते.

लाज वाटते म्हणून सुटी टाकून हॉटेलात जाऊन बसलेत, आणि तिथून माझ्यासारख्यांना 'ऑफिसात हजर व्हा' असा मेल पाठवला? … मोबाइलवरून पाठवला. बरं. मोबाइल चालू आहे म्हणजे. तोंडही चालू असेल ना? … बढतीचं आहे. कळलं. पुढच्या महिन्यात बढती आहे म्हणून आता मान खाली घालायची नाही. ताई, मला किळस येतेय गं. लॅपटॉपची नाही आता. खरंच नाही.

तू गप्प बस, मी बोलते. परवा मी फोन केला तेव्हा काय म्हणालीस? 'आज-उद्या येईल, हे रात्रंदिवस त्याच्याच मागे आहेत.' आणि मी ते आईला सांगितलं. आई, भावजी मागे लागलेत हं, येईल. तिनं मान हलवली. ती बिचारी दिवसभर त्या वर्तुळाकडे बघते, माझ्यासाठी. तिला काय त्या फर्मवेअरचं कौतुक! ते आलं नाही तर मी जाणार, एवढं तिला कळतं.

नवऱ्याची बाजू घे, तुला घ्यावी लागते, मी समजू शकते. पण आईची कुणी घ्यायची? … काय उपाय? … सांग की, मी ऐकतेय. … खोली? कसली खोली?

वृद्धांच्या संस्थेत? कुठल्या?

बघून आलीस? … कधी? … बुधवारी. म्हणजे मंगळवारी त्यांचा लॅपटॉप बंद पडला आणि बुधवारी तू आईसाठी खोली बघून आलीस. मॅडमच्या दारात जाणं जड, पण तिथं जाणं सोपं! … 'थोडेच दिवस' म्हणू नकोस. ते म्हणजे पुन्हा 'लवकरच' झालं. … नर्स असतात, ठाऊक आहे. तीस जणांना दोन असतात. चमच्यामागे घशाकडे कोण बघत बसणार आहे?

नाही, चांगली असेल, मी संस्थेला नावं ठेवत नाहीये. … रडू नकोस. ताई, रडू नकोस, मला राग येतोय आणि तू रडलीस की तो नीट येत नाही.

आईला? … तू समजावणार? … तिनं सगळं ऐकलंय हे. ती इथंच आहे, बहिरी नाही झालेली, शब्द तेवढे अडतात. … बरं, तुझी मर्जी. देते. आई, ताई बोलतेय. हं, धर. दोन्ही हातांनी धर. … लागलाय कानाला. बोल गं ताई, ऐकतेय ती.

…

काय म्हणतेय, आई? … खोलीला खिडकी आहे? … हं. … बाग आहे? … आई, रडतेय का ती अजून? … तू बोल ना काहीतरी, ती वाट बघत असेल. सावकाश. … आई, अगं ते लाल बटण, ते नको दाबू, फोन कट होईल… आई!

कट केलास?

अगं, ती बोलत होती. … मुद्दाम? … बरं. बरं, दे इकडे. पाणी हवंय? … मग? फोनकडे बोट काय दाखवतेस? परत लावू ताईला? … नाही? … मग कुणाला?

… 'म'? … मॅडमना?

आई, भावजींची बढती जाईल गं. ताई जन्मात बोलणार नाही माझ्याशी. तुझ्याशीही. … कळतंय तुला? … बरं. नंबर आहे माझ्याकडे. थांब.

हॅलो? मॅडम, नमस्कार. सुटीच्या दिवशी त्रास देतेय. … हो, लॅपटॉपच्या अपडेटबद्दलच. … नाही, तक्रार नाहीये. ते कशामुळे थांबलंय, ते मला माहीत आहे.