बोटं मागे पडतात

अलेक्झांड्रियात मेंदूच्या डॉक्टरांकडे वदीअ आपल्या नंबरची वाट पाहत बसले होते. उभं आयुष्य त्यांनी लग्नांत ऑर्ग, म्हणजे विजेवरचा वाजवायचा कीबोर्ड, वाजवला. तो मोडल्यावर मुलाने कॉम्प्युटरला नवा कीबोर्ड जोडून दिला आणि तेव्हापासून बोटं तालामागे पडू लागली. नातीच्या लग्नात वाजवायला त्यांनी कालच नकार दिला होता.

शेजारी दोन मुली बोलत होत्या.

"कॉम्प्युटरला जोडलेल्या कीबोर्डची पट्टी दाबते आता, आवाज येतो मागाहून. जीव मेटाकुटीला येतो गं."

"कानात काय घालतेस?"

"बिनवायरचे हेडफोन."

"मग उशीर होणारच. साधे वायरवाले लाव. तरी मागे पडलं, तर सेटिंगमध्ये बफरचा, म्हणजे कॉम्प्युटर आवाज किती साठवून मग सोडतो त्याचा, आकडा कमी कर. खरखर झाली तर थोडा वाढव."

"आणि मी समजत होते, माझीच बोटं जड झालीत."

वदीअंना राहवेना. "पोरींनो, मध्ये बोलतो, रागावू नका. मुलाने मलाही बिनवायरचेच दिलेत. पण माझं वय झालंय. माझे हातच गेले असतील तर?"

"काका, कॉम्प्युटर नसताना ताल चुकतो?"

"करून नाही पाहिलं."

"मग आत्ता धरा."

त्यांनी खुर्चीच्या हातावर मकसूमचा ठेका धरला. आधी हळू, मग चढत्या लयीत, कुठेच मागे न पडता. मुली टाळ्यांनी साथ देऊ लागल्या.

नर्सने दारातून नाव पुकारलं.

"येतो बाई," वदीअ म्हणाले, "एवढं आवर्तन संपू दे."