आईच्या हातचा मुळा

म्हातारे कुवाबारा जपानमधल्या अकिता शहराच्या टपाल कचेरीत वारलेल्या बायकोच्या नावाची पत्रं थांबवायला आले होते. रांगेत त्यांच्यापुढे भाऊबहीण पाठवायच्या मुळ्यांची खोकी घेऊन उभी होती.

"इंटरनेटवर तूच लिहिलंस ना, तामोत्सु? 'विक्रीच्या नव्या कायद्याला चालेल असं स्वयंपाकघर बांधायला पैसे द्या, आईच्या हातचा मुरवलेला मुळा घरपोच मिळेल!'"

"तेव्हा आई होती, ताई."

"तीनशे बारा जणांनी दिले. स्वयंपाकघर झालं, आई गेली."

"तू तिच्यासारखेच मुरवलेस ना?"

"तेच मीठ, तोच कोंडा, चेरीच्या लाकडाचा तोच धूर."

"मग झालं तर! कोण ओळखणार?"

"मी ओळखलं. पहिल्याच घासाला."

"तिच्या हातचा एक उरलाय ना घरी?"

"तो कापायचा नाही."

"नासेल गं."

"नासू दे."

रांग पुढे सरकली. कुवाबारा हातातल्या अर्जावरचं बायकोचं नाव बघत तिथेच उभे होते.

"आजोबा, चला की पुढे," मागून कुणीतरी म्हणालं.