पन्नास किलोची लय

(बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजमधली एक रिकामी खोली. आत दोघे भाऊ, वाद्यं आणि माइक. त्यांचे मामा दाराबाहेर रेकॉर्डिंगच्या मशीनपाशी बसलेत. त्यांचा आवाज भिंतीवरच्या छोट्या स्पीकरमधून येतो.)

दादा : ...आणि झालं. संपला अल्बम. नऊच्या नऊ गाणी. हात दे.

बारक्या : हा घे. मामा, दार उघडा.

दादा : थांब. हात परत घे.

बारक्या : का?

दादा : अल्बम संपलेला नाही. मी काही बोललो नाही, तू काही ऐकलं नाहीस. टेक पंधरा.

बारक्या : दादा, आत्ता हात मिळवला आपण. माझा अजून गरम आहे.

दादा : हात मिळवल्याचा पुरावा नाही. शेवटच्या कडव्यात ठेका पळाला त्याचा आहे. मशीनमध्ये.

मामा : टेक पंधरा. वेळ तीन वाजून दहा मिनिटं.

बारक्या : मामा, मला पाचच्या आत पालिकेच्या कार्यालयात हजर व्हायचंय. आज शेवटचा दिवस. इथून चालत अर्धा तास, धावत वीस मिनिटं.

मामा : नोंद घेतली. वाजवा.

दादा : कसलं कार्यालय?

बारक्या : नोकरी लागलीय मला. सांगणारच होतो.

दादा : कधी?

बारक्या : तिथून. फोनवर.

दादा : काम काय?

बारक्या : ध्वनी तपासनीस. कारखाने, मंगल कार्यालयं, गच्च्या. जिथे जास्त आवाज होतो तिथे यंत्र घेऊन जायचं, मोजायचं आणि तोंड वाकडं करायचं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, अनुभव काय? म्हटलं, सात वर्षं ड्रम वाजवतो. म्हणाले, इथे आवाज मोजायचा असतो, करायचा नाही. म्हटलं, साहेब, कुलपातलं चोराइतकं कोणाला कळतं? हसले नाहीत, पण घेतलं. मग विचारलं, हे रूट्स रॉक म्हणजे काय? सांगितलं, हमालांची जुनी गाणी घ्यायची आणि त्यांना वीज जोडायची. तेही त्यांनी लिहून घेतलं. तक्रारीच्या फाइलमध्ये.

दादा : आपली फाइल आहे?

बारक्या : उशाला घेता येईल इतकी जाड. तू तिच्यात ‘केस वाढवलेला इसम’ आहेस.

दादा : आणि तू?

बारक्या : ‘दुसरा इसम’.

दादा : चल, दुसरा इसम. पहिल्यापासून. सावकाश.

मामा : टेक सोळा. तीन वाजून पस्तीस. मागचा टेक चार मिनिटं बारा सेकंद भरला. गाणं पाच मिनिटांचं आहे. उरलेली अठ्ठेचाळीस सेकंदं कुठे गेली?

बारक्या : पुढे गेली, मामा. कार्यालयात जाऊन रांगेत उभी आहेत.

दादा : बारक्या, हे फळीवरचं गाणं आहे. ट्रकपासून वरच्या मजल्यापर्यंत फळी, पाठीवर पन्नास किलोचं पोतं, आणि त्या पावलावर माणूस गातोय. पोतं घेऊन कोणी पळत सुटतं का?

बारक्या : त्याला पाचच्या आत कुठे हजर व्हायचं असेल तर सुटेल.

दादा : तू जितकी घाई करशील तितका टेक वाया जाईल. जितके टेक वाया जातील तितकी तुला घाई होईल.

बारक्या : हे मला कळतंय. माझ्या पायाला कळत नाहीये.

दादा : पायाला समजाव.

बारक्या : पाय तुझ्यावर गेलाय. कोणाचं ऐकत नाही.

मामा : टेक सतरा. चार वाजून पाच. मागचा तीन मिनिटं अठ्ठावन्न.

बारक्या : मामा, कार्यालयात फोन तरी करा. आमचे फोन बाहेर तुमच्याजवळच आहेत. सांगा, माणूस येतोय, जरा उशीर होईल.

मामा : केला मघाशी. बाई म्हणाल्या, पाचपर्यंत सही झाली नाही तर प्रतीक्षा यादीतला पुढचा घेणार. तो दुपारी बारापासूनच बाकावर येऊन बसलाय. डबा खाऊन झाला, आता डुलक्या काढतोय. मी त्याला शुभेच्छा कळवल्या.

बारक्या : त्याला?

मामा : तुझ्यासाठी माणूस ताटकळत बसलाय. रीत म्हणून कळवल्या.

बारक्या : मग मीच उघडतो दार.

दादा : कशाने? आतून मूठ कुठे आहे?

बारक्या : काढायचं कोणाच्या डोक्यात आलं होतं?

दादा : तुझ्या. चार वर्षांपूर्वी. म्हणालास, बेसच्या खालच्या सुराला खुळखुळते. पान्याने काढलीस आणि मामांच्या हातात दिलीस.

मामा : माझ्या खणात आहे. सोबत कागदही आहे. वाचतो. ‘गाणं तिघांच्या पसंतीला उतरल्याशिवाय दार उघडू नये. आतून कोणी कितीही हातापाया पडलं तरी. विशेषतः दादा.’ खाली बारक्याची सही.

बारक्या : बघा, ‘विशेषतः दादा’ आहे. माझा उल्लेख कुठे आहे?

मामा : ‘कोणी’मध्ये तू येतोस. खास नाही, साधाच येतोस.

बारक्या : मामा, तो कागद गमतीत लिहिला होता.

दादा : नव्हता.

बारक्या : बरं, नव्हता.

दादा : मूठही खुळखुळत नव्हती.

बारक्या : तुला माहीत होतं?

दादा : बेस मी वाजवत होतो. खुळखुळली असती तर मला ऐकू आली असती.

बारक्या : मग तेव्हा का नाही बोललास?

दादा : दार बंद झालं होतं. बोलून काय वारा घालायचा होता? शाळेत संगीत शिक्षकाची जागा होती. त्याच दिवशी अकराची मुलाखत. तू म्हणालास, दादा, फक्त एक टेक देऊन जा. तो एक टेक सव्वादोनला संपला.

बारक्या : तो टेक अल्बमचं पहिलं गाणं आहे. सगळ्यात चांगलं.

दादा : हो ना. वाईट झाला असता तर चार वर्षं तुझं डोकं तरी खाल्लं असतं.

बारक्या : मला वाटलं होतं, तू गेलास तर बँड गेला. आणि बँड गेला तर तू घरी माझ्याशी काय बोलणार? ‘मीठ दे’ आणि ‘लाइट घालव’.

दादा : आता कुठे जास्त बोलतो? ‘ठेका पळाला.’

बारक्या : तेही दोनच शब्द.

मामा : पोरांनो, चार वीस झाले. टेक सतरा बोलण्यातच गेला. बोलायचं असेल तर मशीन बंद करतो.

बारक्या : राहू द्या चालू. दादा, एक विचारतो. हा बदला आहे का?

दादा : बदला घ्यायचा असता तर तुझा अर्ज फाडला असता.

बारक्या : अर्ज तुझ्या हाती कसा आला?

दादा : आमच्या दुकानात तीन प्रती काढायला दिल्यास तू, पोऱ्याच्या हातात, मी मागे कागद भरत असताना. वाटलं, मला दिसणार नाही. झेरॉक्सचं मशीन मीच चालवतो, बारक्या. फोटो उलटा चिकटवला होतास. सरळ केला. एका रकान्यात ‘छंद’ लिहायचं राहिलं होतं.

बारक्या : काय लिहिलंस?

दादा : ‘शांतता’.

बारक्या : त्यावरच साहेब खूश झाले होते. मला वाटलं, मीच लिहिलं असेल झोपेत.

दादा : गिऱ्हाइकाचे कागद आम्ही वाचत नाही. म्हणून बोललो नाही. आजच्या तारखेचं नेमणुकीचं पत्र प्रतीला आलं तेव्हाही नाही, मघाशीही नाही.

बारक्या : मग आज सकाळीच का नाही सोडलंस?

दादा : मला वाटलं, दोन टेकमध्ये होईल. गाणंही होईल आणि नोकरीही. आईशप्पथ, तसंच वाटलं. सकाळपासून आतापर्यंत.

बारक्या : आणि पहिल्यांदा हात मिळवलास तेव्हा किती पळाला होता ठेका? खरं सांग.

दादा : कोणाला कळणार नाही इतका.

बारक्या : मग?

दादा : मला कळला. आणि मी गप्प बसलो असतो तरी मामांना कळला असता. गाणं त्यांच्या दारावरच्या हमालांचं आहे.

बारक्या : साडेचार होत आले, दादा.

दादा : मामा, दार उघडा. मला पसंत आहे. सहा, नऊ, पंधरा, कुठलाही ठेवा.

बारक्या : मलाही पसंत. जन्मात इतकं काही पसंत पडलं नव्हतं.

मामा : मला नाही.

दादा : मामा.

मामा : कागदावर तिघं लिहिलंय.

बारक्या : मामा, हा आयुष्याचा प्रश्न आहे.

मामा : माहितीय. म्हणून आवाज चढवत नाही. ऐका. एकतीस वर्षं मी या दारावर होतो. आतला माल किती, बाहेर गेला किती, रोज लिहायचं. इमारत बंद पडली, पण रजिस्टर मला कोणी बंद करायला सांगितलं नाही. चार वर्षं लिहितोय. आवक, दोन. जावक, दोन. या इमारतीत आता तुम्ही दोघंच माल आहात.

दादा : मग रोज सोडताच ना आम्हाला?

मामा : रोज सोडतो, कारण उद्या येणार असता. आज जावक लिहिली की पुढची पानं कोरी. त्यात ते गाणं धावत सुटलेलं. ज्यांचं ते गाणं होतं त्यांच्यातला एकही आता राहिला नाही. त्यांची पावलं कोणी ऐकली तर ती अशी ऐकावीत? जिन्यावरून कुत्रं मागे लागल्यासारखी?

बारक्या : मी वाजवलंच नाही तर?

मामा : तर बसा. मीही बसलोय.

दादा : बारक्या, काठ्या घे. नीट एक दे. संपवू.

बारक्या : घेतल्या. पण डोळे दाराकडेच जातायत.

दादा : माझेही. दाराकडे बघत वाजव, पण सावकाश.

मामा : टेक अठरा. चार वाजून बत्तीस.

दादा : ...हां. जवळ गेलं होतं. दुसऱ्या कडव्यापर्यंत अगदी फळीवर होतास.

बारक्या : मग मनात आलं, आत्ता निघालो तर पोचतो. आणि पळालो.

मामा : चार मिनिटं एकतीस. आता वाजलेत चार बावन्न.

बारक्या : इतके कसे?

मामा : मधे तू ड्रमवर डोकं टेकून बसला होतास. तेही रेकॉर्ड झालंय. ते मात्र लयीत आहे.

बारक्या : दादा, काही बोल.

दादा : काय बोलू? बाकावरचा उठून कपडे झटकत असेल.

बारक्या : त्याला ड्रम येत असेल का?

दादा : नसेल. म्हणून तर वेळेवर आला.

मामा : पाच.

बारक्या : ऐकलं.

मामा : पाच वाजून एक. टेक एकोणीस. तयार असाल तर.

बारक्या : घ्या. आता काय घाई आहे?

दादा : एक, दोन, तीन...

मामा : पाच मिनिटं एक सेकंद.

दादा : बारक्या.

बारक्या : हं.

दादा : झालं हे.

बारक्या : कळलं मला. तिसऱ्या कडव्यात पायाला पोतं लागलं. खरंच लागलं, दादा. खांदा दुखतोय माझा.

मामा : पसंत. माझ्याकडून पसंत. हे घ्या, उघडलं दार. बाहेर ऊन आहे अजून.

दादा : जा, पाय मोकळे कर. मी वायरी गुंडाळतो.

बारक्या : कुठे जाऊ?

दादा : कुठेही. दार उघडं आहे.

बारक्या : उघडं असलं की उलट काही सुचत नाही. मामा, रजिस्टर उघडंय का?

मामा : उघडंय. आवक, दोन. जावक लिहायची थांबलोय. डोळ्याला काहीतरी होतंय जरा.

बारक्या : शेऱ्याच्या रकान्यात जागा आहे?

मामा : चार ओळी.

बारक्या : लिहून घ्या. प्रति, संबंधित अधिकारी. कोणते ते रिकामं सोडा. विषय, वेळ परत मिळणेबाबत. महोदय, अर्जदार हा दुसरा इसम असून तो आज विहित वेळेत कामावर हजर राहू शकला नाही. तसेच चार वर्षांपूर्वी त्याच्याच हातून त्याच्या थोरल्या भावालाही हजर राहता आले नव्हते. तरी अर्जदाराला आजचे साडेचार ते पाच, आणि त्याच्या भावाला तेव्हाचे अकरा ते सव्वादोन, जसेच्या तसे परत करण्यात यावेत.

मामा : ...‘परत करण्यात यावेत.’ पुढे?

बारक्या : दोन्ही मंजूर करणे शक्य नसल्यास, भावाचे आधी करावेत, ही नम्र विनंती.