एकशे बारावी ओळ

समारंभाच्या अध्यक्षा ओदील मार्शालबाई, मंचावरचे मान्यवर प्रतिनिधी, आजचे सत्कारमूर्ती ल्युडो कास्टेलेनसाहेब आणि ब्रसेल्सच्या कचेऱ्यांतून वेळ काढून आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

मी गेन्टच्या ग्राहक मदत केंद्रात तक्रारी ऐकणारी बाई. मला चार गोड शब्द बोलायला सांगितलंय. बोलते. ऑनलाइन खरेदीला आणि मोबाइलवरच्या प्रोग्रॅमना युरोपातल्या सगळ्या देशांत एकच कायदा असावा, म्हणून साहेबांनी सहा वर्षं सत्तावीस देशांची समजूत घातली. कुणा ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं ते!

आणि त्याच साहेबांचा मला गेले तीन आठवडे भयंकर राग आलाय. मार्शालबाई, घंटीकडे हात नेऊ नका, दोनच मिनिटं द्या.

कायद्याच्या वाटाघाटींचा आपला तो चार रकान्यांचा तक्ता तुम्हाला पाठ आहे. तीन रकान्यांत आयोग, संसद आणि देशांची सरकारं या तिन्ही पक्षांचं म्हणणं, चौथ्यात ठरलेला मजकूर. ओळीवरचा वाद मिटला की वाटाघाटींचे अध्यक्ष, म्हणजे आपले साहेब, ती हिरवी करतात, मग तिला कुणी हात लावायचा नाही. लावलाच तर ज्यानं हिरवी केली, त्यानंच. एकशे बारावी ओळ काय होती? करार संपला की ग्राहकानं प्रोग्रॅममध्ये स्वतः भरलेलं सगळं कंपनीनं त्याला परत द्यायचं. तिघांनाही मान्य! पण साहेबांनी खालच्या ओळीसाठीचं 'वगळावे' तिच्यासमोर लिहिलं आणि हिरवा रंग दिला.

मी गाठून विचारलं, "अहो, ही चूक आहे ना?"

"आहे," साहेब म्हणाले. "पण एक ओळ उघडली तर सगळे आपापली उघडत बसतील. निवृत्तीच्या तोंडावर हा घोळ नको, बाई."

घोळ नको! गेन्टच्या योरिस डकलेर यांच्या घशाचं ऑपरेशन व्हायचं होतं. बोलणं कायमचं जाणार होतं. म्हणून त्यांनी आधी तीन आठवडे बसून एका प्रोग्रॅममध्ये आपला आवाज भरला. आता ते टाइप करतात आणि प्रोग्रॅम त्यांच्या आवाजात बोलतो. परदेशातली ती कंपनी डिसेंबरअखेर प्रोग्रॅम बंद करून आवाज पुसून टाकणार आहे. रेकॉर्डिंग परत मागितलं तर उत्तर काय? "कायद्यात असेल तर देऊ." आणि कायदा नोव्हेंबरात लागू होतोय, त्या ओळीविना!

त्यांची पत्नी गोदेलीव माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "सकाळी उठून कॉफी टाकलीस का, एवढंच विचारतो हो मेला. पण तो विचारतो. जानेवारीपासून मला कुणा परक्या आवाजानं विचारायचं का?"

काय सांगू मी त्यांना? तक्ता हिरवा झालाय, असं? लाज वाटायला हवी आपल्याला. मलाही. समारंभाचा विरस नको म्हणून मीसुद्धा आजवर चारचौघांत तोंड शिवून बसले.

साहेब, अध्यक्षाची खुर्ची उद्या संध्याकाळपर्यंत तुमची आहे आणि कायद्यावरचं मतदान मंगळवारी. हे पत्र मी लिहून आणलंय: 'एकशे बारावी ओळ माझ्या चुकीने हिरवी झाली, ती उघडावी.' खाली फक्त तुमची सही हवी. पुष्पगुच्छ नंतर घ्या, आधी पेन घ्या.

इतका वेळ ऐकून घेतलंत, मनापासून आभार. माझा आवाज चढला असेल तर पोटात घाला. डकलेर यांना तो चढवता येत नाही, म्हणून त्यांच्या वाटचाही मीच चढवला.