धुराचा रकाना

छातीच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक पावभट्टीवाला आणि त्याची तरुण मुलगी बसले होते. तपासणी मुलीची होती, फॉर्म बापाने भरला होता.

“बाबा, ‘धुराशी संबंध’ इथं तुम्ही ‘नाही’ लिहिलंत?”

“हळू बोल. तू काय सिगारेट ओढतेस?”

“दिवसभर भट्टीसमोर उभी असते मी.”

“तो लाकडाचा धूर. चाळीस वर्षं त्यात आहे मी, मला काय धाड भरलीय?”

“तुम्हाला नसेल. मला एक जिना चढवत नाही.”

“दगदग होते, दुसरं काय.”

“समोरचा तक्ता वाचा ना. लाकडाच्या धुरातले बारीक कण थेट फुप्फुसाच्या पेशींत जाऊन बसतात. खोकून निघत नाहीत.”

“खरं लिहिलं तर भट्टी बंद करा म्हणतील. मग खायचं काय?”

“तोंड आत घाल, छाती भरून वास घे, असं कोण सांगायचं मला?”

“धुराला गोड वास आल्याशिवाय पाव आत टाकता येत नाहीत. आणि तुझ्यासारखं नाक कुणाचंच नव्हतं गं. माझंसुद्धा नाही.”

“सहा वर्षांची होते मी, बाबा.”

तेवढ्यात नर्स आली आणि तिने फॉर्म हातात घेतला.

“धुराशी संबंध नाही. बरोबर ना?”

मुलीला खोकल्याची उबळ आली. ती थांबेना.

“खोडा ते,” भट्टीवाला म्हणाला. “सहाव्या वर्षापासून, रोज, असं लिहा. आणि सिस्टर, तिला तिथं कुणी उभं केलं, असा रकाना आहे का त्यात?”